वकिलीची उमेदवारी
(कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी)

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी सूचना कार्यकारी मंडळाकडून आली. बेळगावच्या कोर्टात चाळीस वर्षे घालविलेल्या माणसाला ती टाळता येण्यासारखी नव्हती. शिवाय दर वर्षी शिष्यवृत्तीच्या मुलाखतींना बसताना एक गोष्ट माझ्या ध्यानात येते. वैद्यक वा अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलाला पुढची वाट ठाऊक असते; कायद्याकडे जाणाऱ्या मुलाला “पुढे काय?” असे विचारले, की तो वडिलांकडे पाहतो व वडील आमच्याकडे पाहतात. या प्रश्नाचे उत्तर जमेल तितके सरळ द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उमेदवारी म्हणजे काय?

आजची मुले जिला ‘इंटर्नशिप’ म्हणतात, तिला आपल्याकडे ‘उमेदवारी’ हा जुना व नेमका शब्द आहे. सोनाराच्या पेढीवर, छापखान्यात किंवा वैद्याच्या हाताखाली उमेदवारी करीत असत, तशीच ती वकिलाकडेही करीत. फरक एवढाच, की पूर्वी ती सनद मिळाल्यावर सुरू होई. आता ती शिक्षणाचाच भाग आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकंदर किमान १२ आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे उमेदवारी करावी लागते. कोणत्याही एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. संपूर्ण शिक्षणकाळात निदान एकदा तरी खालच्या कोर्टात व अपिलात काम करणाऱ्या वकिलांच्या हाताखाली राहावे लागते. बाकीचा काळ सेवाभावी संस्था, न्यायाधीशांची कार्यालये, कंपन्या, स्थानिक स्वराज्य संस्था अशा ठिकाणी घालविता येतो.

हे आठवडे बहुतेक विद्यार्थी वाया घालवितात, हे खेदाने सांगावे लागते. ओळखीच्या वकिलाकडून प्रमाणपत्र आणावयाचे, रोजनिशी मित्राच्या वहीवरून उतरवायची, की झाले काम! काही ठिकाणी पैसे घेऊन प्रमाणपत्रे देण्याचाही धंदा चालतो. पालकांनी एवढे पक्के लक्षात ठेवावे, की उमेदवारीसाठी आगाऊ फी मागणारा मनुष्य विद्या देत नाही, कागद विकतो.

चार आठवडे कसे घालवावेत?

प्रथम वेळेविषयी. कॉलेजची मोठी सुट्टी व कोर्टाची उन्हाळी सुट्टी बहुधा एकाच वेळी येतात. मे महिन्यात वकिलाकडे गेलेल्या मुलास कचेरी दिसते, कोर्ट दिसत नाही. म्हणून कोर्टाचे काम पाहावयाचे असेल तर कोर्ट उघडे असतानाचे आठवडे निवडावेत. मे महिना दस्तऐवज, बँक किंवा कंपनी यांसाठी ठेवावा.

पोषाख साधा : पांढरा सदरा, काळी वा पांढरी विजार, काळा टाय, काळा कोट, काळे बूट. बँड व गाऊन हे सनदी वकिलाचे. ते विद्यार्थ्याने घालू नयेत.

पहिल्या आठवड्यात भाषण ऐकण्याच्या मागे न लागता कोर्टाची कचेरी पाहावी. दावा कोठे दाखल होतो, शिरस्तेदार काय तपासतो, कोर्ट फी कशी मोजतात, समन्स बेलिफाकडे कसे जाते, नकलेचा अर्ज कोठे द्यावयाचा, हे ज्याला ठाऊक नाही त्याला सनद मिळाल्यावर पहिले सहा महिने पट्टेवालासुद्धा शिकवितो, आणि ते शिकविणे गोड नसते. आता प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यावरून ई-कोर्टच्या संकेतस्थळावर तारखा व हुकूम घरबसल्या पाहता येतात. वकिलाच्या बोर्डावरील प्रकरणे रोज सकाळी तेथे तपासून ठेवणारा विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी त्या कचेरीला हवाहवासा वाटू लागतो.

दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यांत एक दिवाणी व एक फौजदारी प्रकरण धरून त्याचा आरंभापासून मागोवा घ्यावा. दावा, कैफियत, न्यायाधीशांनी काढलेले मुद्दे, निशाण्या घातलेले दस्तऐवज, सरतपास, उलटतपास हे सारे क्रमाने वाचावे. उलटतपास ऐकण्यापूर्वी स्वतः दहा प्रश्न लिहून काढावेत, आणि नंतर वकिलाने कोणते विचारले व कोणते मुद्दाम विचारले नाहीत, ते पडताळावे. न विचारलेल्या प्रश्नांत वकिलीची अर्धी विद्या असते.

चौथ्या आठवड्यात काहीतरी लिहावे : एक नोटीस, एक साधा अर्ज, एका निकालपत्राचा एक पानी सारांश. वकिलाने त्यावर लाल शाई फिरविली तर तो कागद जपून ठेवावा. प्रमाणपत्रापेक्षा त्याची किंमत अधिक आहे.

एका विहिरीची गोष्ट

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एक घडलेली हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या कचेरीत एक विद्यार्थिनी उमेदवारीला आली. त्या वेळी दोन चुलत घराण्यांमधील विहिरीच्या पाण्याचा दावा चालू होता. एक बाजू म्हणे विहीर आमच्या हिश्श्याची, दुसरी म्हणे सामाईक. आमच्या पक्षकाराने एक जुना कागद फडक्यात बांधून आणला होता. तो मोडीत होता. मला मोडी अडखळत येते, आणि खरे सांगावयाचे तर कामाच्या गर्दीत मी तो कागद ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूस ठेवला होता.

त्या मुलीने आजोबांकडून मोडी शिकून घेतली होती. तिने दोन संध्याकाळी बसून तो कागद बाळबोधीत उतरविला. ते १९३८ सालचे वाटणीपत्र निघाले. त्यात विहीर सामाईक ठेवून दोन्ही शाखांच्या पाण्याच्या पाळ्या वारांसकट लिहिलेल्या होत्या. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे कोर्टाला गृहीत धरता येते. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे ९० वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ९२ वे आहे. तो कागद समोर येताच दोन्हीकडची वडील माणसे नरमली. प्रकरण लोकअदालतीत मिटले. तेथील निवाड्यावर अपील नसते व भरलेली कोर्ट फीही परत मिळते. दोन्ही घरांच्या शेतांत आज वाटणीपत्रातल्या पाळीप्रमाणे पाणी जाते.

जी गोष्ट मला वर्षभर करावयास सुचली नाही ती एका उमेदवाराने दोन संध्याकाळी केली. तिला त्या वेळी कायदा माझ्याहून अधिक येत होता असे नाही. तिने कागद उघडून पाहिला, एवढेच.

आपल्या सीमेवरच्या मुलांचे भांडवल

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे मोठ्या प्रमाणात मराठीत आहेत. आजचे उतारे व फेरफार कन्नडमध्ये आहेत. वरिष्ठ न्यायालयाचे काम इंग्रजीत आहे. साक्षीदार मराठीत बोलतो आणि त्याची जबानी कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत उतरते. या तिन्ही भाषांत सहज वावरणारा तरुण वकील येथे बेकार राहील असे मला वाटत नाही.

म्हणून पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मराठीचा अभिमान घरी व संस्थेत जरूर बाळगावा. पण बेळगावच्या कोर्टात उभे राहावयाचे तर कन्नड उत्तम लिहिता-वाचता आले पाहिजे. अभिमान आणि अज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडीचा अभ्यासवर्ग मिळाला तर तोही सोडू नये. बँकांना कर्ज देण्यापूर्वी मिळकतीच्या हक्कांचा तपास करून हवा असतो. ते काम जुने कागद वाचणाऱ्यालाच नीट जमते.

दुसरे भांडवल भूगोलाचे. बेळगावहून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर तीन उच्च न्यायालयीन पीठे आहेत. धारवाडचे पीठ २००८ मध्ये फिरते म्हणून सुरू होऊन २०१३ मध्ये कायम झाले. आपल्या जिल्ह्याची अपिले तेथेच जातात. गोव्याचे पीठ १९८२ पासून आहे. आता ते पणजीजवळ पर्वरीस भरते. आणि कोल्हापूरचे फिरते पीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून कामास लागले आहे. नवे पीठ सुरू झाले, की तेथे कनिष्ठ वकिलांची निकड भासते. सनद एका राज्याच्या परिषदेची असली तरी वकिलाला देशातील कोणत्याही न्यायालयात काम करता येते. वकील अधिनियम १९६१ सालचा असला तरी त्यातील हा हक्क देणारे ३० वे कलम २०११ मध्ये अमलात आले, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

गोव्याकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की तेथील कुटुंब व वारसा यांचा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. वारसाहक्क व मालमत्तेच्या वाटपाची ‘इन्व्हेंटरी’ ही स्वतंत्र कार्यपद्धती तेथे आहे व तिच्यासाठी २०१२ चा राज्य अधिनियम आहे. म्हापसा वा मडगावच्या वकिलाकडे चार आठवडे राहिल्यास जे कळते ते इकडच्या पुस्तकांत सापडत नाही.

सनदेनंतरच्या वाटा

(१) *वकिली.* पदवीनंतर राज्य विधिज्ञ परिषदेत नाव नोंदवावे लागते. वय २१ पूर्ण हवे. पूर्वी नोंदणीच्या नावाखाली निरनिराळी राज्ये हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्यात सांगितलेल्या ७५० रुपयांहून अधिक, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून अधिक, नोंदणी फी घेता येणार नाही. मुद्रांकाचा खर्च असल्यास तो वेगळा. २०१० मध्ये आणलेली अखिल भारतीय वकील परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. तिचे अधिष्ठान घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये उचलून धरले आहे.

(२) *न्यायाधीशपद.* २० मे २०२५ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. हा काळ तात्पुरत्या नोंदणीपासून मोजावयाचा आहे व न्यायाधीशांकडे विधी-लिपिक म्हणून केलेले कामही त्यात धरावयाचे आहे. प्रत्येक भरतीची जाहिरात मात्र स्वतः वाचावी. कर्नाटकातील परीक्षेला कन्नड व महाराष्ट्रातील परीक्षेला मराठी लागते. गोव्यात कोकणीचे महत्त्व आहे.

(३) *विधी सेवा.* १९८७ च्या अधिनियमाखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे काम करतात. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती व कोठडीतील व्यक्ती यांना तेथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. विद्यार्थ्यांना तेथे उमेदवारी करता येते व विधी-स्वयंसेवकही होता येते. २०२२ च्या योजनेनुसार जिल्ह्यांमध्ये आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकील नेमले जातात. त्यांतील साहाय्यकाची जागा शून्य ते तीन वर्षांच्या अनुभवाच्या वकिलांसाठीच असते. नव्या सनदधारकास दरमहा ठरलेले मानधन आणि सत्र न्यायालयाचा अनुभव एकत्र मिळण्याची ही दुर्मिळ जागा होय.

(४) *बँका, पतसंस्था, कारखाने.* सरकारी बँकांत विधी अधिकाऱ्याची पदे स्पर्धापरीक्षेने भरली जातात व त्यांना वकील म्हणून नोंदणी लागते. आपल्या भागात सहकारी पतसंस्थांचे जाळे दाट आहे. वसुली, गहाणखते, सभांचे कामकाज यांसाठी त्यांना माहीतगार माणूस हवा असतो. उद्यमबागेतील कारखान्यांनाही नव्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याने सल्ल्याची गरज आहे. परंतु पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवून परिषदेस तसे कळवावे लागते. न्यायाधीश होण्याची इच्छा असणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

(५) *सैन्यदल.* मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात राहूनही पुष्कळांना ठाऊक नसते, की भूदलात कायदेतज्ज्ञ अधिकाऱ्यांची ‘जॅग’ नावाची स्वतंत्र शाखा आहे. कायद्याच्या पदवीला किमान ५५ टक्के गुण व २१ ते २७ हे वय लागते. अलीकडे पदव्युत्तर ‘क्लॅट’चे गुणही मागतात. या शाखेत पुरुषांना जास्त व स्त्रियांना कमी जागा ठेवण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली आहे.

याखेरीज अध्यापन, सरकारी अभियोक्ता, कंपनी सचिव अशा वाटा आहेतच.

मुलींच्या पालकांना

“कचेरीत मुलीला पाठवावे की नाही?” हा प्रश्न आजही दबक्या आवाजात विचारला जातो. जरूर पाठवावे. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उतरल्या. तरी स्त्रियांना वकिलीची मनाई दूर करणारा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले. इतक्या कष्टाने उघडलेले दार आपण आतून लावून घेऊ नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ व उमेदवार यांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती असावी लागते. लहान कचेरीतील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. मुलीला हे आधीच सांगून ठेवावे, आणि तिने काही सांगितले तर ऐकून घ्यावे.

एक कबुली

आता जे लिहितो ते लिहिणे सोपे नाही. पंधराएक वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून एक तरुण माझ्याकडे काम शिकण्यास येत असे. नुकतीच सनद घेतलेली. वडील भट्टीवर कामास. मुलगा हुशार, अक्षर सुरेख, दाव्याचा मसुदा असा करी की मला दोन शब्दही बदलावे लागत नसत. सातआठ महिन्यांनी एके दिवशी त्याने संकोचत विचारले, “साहेब, बसच्या पासापुरते काही मिळेल का?” मी हसून म्हणालो, “अरे, आम्हीही असेच शिकलो.”

ते खरे होते. माझ्या वरिष्ठांनी मला दोन वर्षे पैसा दिला नव्हता. पण माझ्या वडिलांचे गावात घर होते, घरी दोन वेळचे जेवण होते. त्या मुलाचे तसे नव्हते, आणि मी तेवढेही विचारले नाही. पुढच्या महिन्यात तो आला नाही. कर्जवसुली करणाऱ्या एका कंपनीत तो लागल्याचे नंतर कळले. काळा कोट त्याने विकला की ठेवला, ते मला माहीत नाही. एक चांगला वकील या जिल्ह्याने गमावला तो एका बसपासासाठी, आणि तो पास नाकारणारा हात माझा होता.

खुद्द डॉ. आंबेडकरांना १९२३ मध्ये मुंबईस वकिली सुरू केल्यावर केवळ तिच्यावर निभाव लागेना. त्यांनी जोडीस शिकविण्याचे काम धरले. जेथे त्यांच्यासारख्या विद्वानाची ही स्थिती, तेथे भट्टीवरच्या कामगाराच्या मुलाने काय करावे? विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. लहान गावातील वकिलाला एवढे देणे कठीणही आहे. पण काहीच न देणे हा काही त्याला पर्याय नव्हे.

संस्थेस विनंती

आपल्या संस्थेने पन्नास वर्षे शिष्यवृत्त्या दिल्या. पण त्या पदवीपाशी थांबतात. वकिलीत खरी अडचण पदवीनंतर सुरू होते. पहिली तीन वर्षे जो तगला तो तगला. म्हणून महोत्सवी वर्षात तीन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. एक, सभासदांपैकी जे वकील आहेत त्यांनी वर्षाला एकेक उमेदवार प्रामाणिकपणे शिकविण्याचे वचन द्यावे व त्यांची यादी कार्यालयात लावावी. दोन, ग्रंथालयात नव्या फौजदारी कायद्यांची पुस्तके जुन्या कायद्यांसह ठेवावीत, कारण जुनी प्रकरणे अजून जुन्याच कायद्याने चालू आहेत. तीन, दर वर्षी निदान दोन होतकरू सनदधारकांना तीन वर्षे प्रवासखर्च व भोजनखर्च मिळावा.

तिसऱ्या कामासाठी माझ्या परीने पहिली रक्कम मी चिटणीसांकडे या लेखाबरोबर दिली आहे. कोणा विशिष्ट विद्यार्थ्याच्या नावाची अट मी घातलेली नाही. तिच्यातून पहिला खर्च बसच्या पासाचा व्हावा, एवढीच इच्छा आहे.